कर्बी ऑस्टडीकचं वजन

प्लम फोर्क, नेब्रास्का
सोमवार, ११ नोव्हेंबर १९९६

प्रिय मेहुणेबुवा मिलो यांस,

लुमीरचा नमस्कार, आणि लिबीचाही (ती स्वयंपाकघरातून ओरडून सांगते आहे की माझा आधी लिहा, भाऊ माझा आहे). तुझी तब्येत आता कशी आहे? पित्ताशय काढल्यावर माणसाला तळलेलं चालत नाही असं मी ऐकलं होतं, पण लिबी म्हणते की मिलोला लहानपणापासून सगळंच चालतं. तरी जपून राहावं. आमच्याकडे तसं सगळं ठीक, म्हणजे ठीक नाही, पण सांगण्यासारखं काही नाही. माझा डावा गुडघा बर्फ पडायच्या आदल्या दिवशी दुखतो आणि यंदा रोजच दुखतो आहे, तेव्हा हिवाळा कसा जाणार देव जाणे. मका निघाला. गावच्या धान्यकोठाराबाहेर उघड्यावर एवढा मोठा ढीग पडला आहे की कुणी तरी पेटती काडी टाकेल या धास्तीने मी रोज संध्याकाळी एक चक्कर मारतो. (मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली. मला कुणी सांगितलेलं नाही. पण बघायला नको का?)

मुख्य गोष्ट आधीच लिहितो, नाहीतर इकडचं तिकडचं लिहिता लिहिता राहून जायची. शनिवारी दुपारी एक वाजता इथे आपल्या कॉलेजचा फुटबॉलचा सामना आहे. कर्बी ऑस्टडीकचा घरच्या मैदानावरचा हा शेवटचा. त्यानंतर त्याला खेळताना बघायचं म्हटलं तरी कुणाला बघता यायचं नाही. चार वर्षांत पोरं हेरणारा व्यावसायिक संघाचा एकही माणूस इथवर आला नाही. तू यायला हवंस. तुझ्या खिशात त्याच शनिवारचं मोठ्या विद्यापीठाच्या सामन्याचं तिकीट आहे हे मला ठाऊक आहे. तिथे मऊ खुर्ची असते, गरम कॉफी असते, आणि तुझ्यासारखे वहीवाले आणखी वीस जण असतात. तिथल्या पोरांना वीस जण बघणारच आहेत. इथे कुणी आलं नाही, तर येत्या जूनपासून कर्बी कोठारावर कामाला लागणार, जागा ठरलेली आहे. मी अडतीस वर्षं तिथल्या वजनकाट्यावर काढली, काम वाईट आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्याला तिथे बघायला मला बरं वाटायचं नाही, एवढंच.

हे फोनवर सांगता आलं असतं असं तू म्हणशील. पण तुझं ते निरोप घेणारं यंत्र ‘बोला’ म्हणालं की माझी दातखीळ बसते आणि मी फोन ठेवून देतो. गेल्या आठवड्यात तुझ्या यंत्रावर नुसता श्वास ऐकू आला असेल, तो माझा.

तू म्हणालास, आधी पोराच्या मापांचा कागद भरून पाठव, मग यायचं की नाही ते ठरवू. कागद मिळाला. तो ज्याने छापला त्याला कधी चष्मा लागला नसावा. रकाने इतके बारीक की ‘ऑस्टडीक’ लिहिताना ‘क’ बाहेर गेला. त्यातून माझं शिक्षण तुला माहीत आहे, दीड वर्ष कॉलेज, आणि तेही फुटबॉलसाठी ठेवून घेतलं म्हणून. तरी चार दिवस खपून मी एकेक रकाना भरला आहे, आणि कुठला आकडा कसा आला ते खाली लिहितो, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर तुझी मान खाली जायला नको.

उंची. सहा फूट चार इंच. ही आमच्या मागच्या दाराच्या चौकटीला टेकवून घेतली. पायात मोजे होते, डोक्यावर टोपी नव्हती, आणि पेन्सिल लिबीने स्टुलावर चढून धरली होती. तेव्हा ह्यात शंका घेऊ नकोस, स्टूल मी धरलं होतं. फक्त निघताना त्याचं डोकं लिबीच्या दिव्याला लागलं आणि काचेचा टवका उडाला. पोरगा इतका शरमला की दुसऱ्या दिवशी नवी काच घेऊन हजर. ती दोन इंचांनी मोठी निघाली. तरी आम्ही तीच लावली. दिवा आता टोपी घातल्यासारखा दिसतो.

हाताची लांबी. सदतीस इंच असं मी लिहिलं होतं, ते खोडून चौतीस केलं आहे, खाडाखोड बघून घाबरू नकोस. लिबीच्या शिवणाच्या फितीचं पहिलं टोक सत्तर साली इस्त्रीखाली जळालं आणि ती तेव्हापासून तीन इंचांपासून सुरू होते. लिबी म्हणते, सगळ्या गावाला माहीत आहे, तुम्हालाच कसं माहीत नाही! सव्वीस वर्षं माझे सदरे ती ह्याच फितीने बेतते आहे.

आता वजन. मिलो, ह्या रकान्याने माझी इतकी अब्रू गेली आहे की मी दोन दिवस कॉफी प्यायला कॅफेत गेलो नाही. तुला आठवत असेलच, काट्याची आपली पद्धत साधी असते. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, आकडा लिहायचा, माल उतरवायचा, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर घ्यायची. वजाबाकी केली की माल. ह्या पद्धतीने मी अडतीस वर्षांत कोट्यवधी पौंड मका तोलला, मग एक पोरगा तोलायला काय हरकत? म्हणून मी कर्बीला माझ्या पिकअपच्या मागच्या बाजूला बसवलं आणि कोठारावर नेलं. शेजारी लिबी होती, कारण तिला पुढे चर्चच्या स्वयंपाकघरात सोडायचं होतं. खसखशीचे गोड पाव, कोलाचे, भाजायचा दिवस होता, आणि तिच्या मांडीवर आंबवलेल्या पिठाचं ते मोठं पातेलं. काट्यावर हल्ली कोणी तरी नवी मुलगी असते. तिने भरलेल्या गाडीचा आकडा घेतला. कर्बीला मी खाली उतरायला सांगितलं, तो उतरला. पुन्हा आकडा घेतला. ती मुलगी खिडकीतून डोकं काढून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, “लुमीरकाका, चारशे ऐंशी पौंड!”

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला आनंद झाला. मनात म्हटलं, मिलोने असा पोरगा जन्मात पाहिला नसेल. मग माझं लक्ष शेजारच्या जागेकडे गेलं, तर तिथे लिबी नाही. काट्याच्या पलीकडे कर्बीची आई डार्ला उभी होती, ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, तिला बघून लिबी पातेल्यासकट उतरली होती आणि दोघी खसखस महागल्याबद्दल बोलत होत्या. मका विकायला आलेले सहा-सात जण रांगेत होते. त्यांनी काय केलं असेल? कर्बीला एकट्याला पुन्हा तोललं, दोनशे ऐंशी आले, आणि मग सगळ्यांनी मिळून चारशे ऐंशीतून दोनशे ऐंशी वजा केले. मी घसा फोडून सांगितलं की त्यात पातेलं आहे, पातेलं लोखंडी आहे, पीठही भरपूर आहे. रांगेतून कुणी तरी म्हणालं, “पीठ चांगलं फुगलंय म्हणायचं!” लिबीने ते ऐकलं. त्यानंतर दोन दिवस घरात जी शांतता होती ती मी कोरियाच्या लढाईतून सुट्टीवर आलो तेव्हाही अनुभवली नव्हती. तेव्हा हा आकडा मी कुठल्या किमतीत मिळवला ते समजून घे. आमचा काटा वीस-वीस पौंडांच्या टप्प्यांनी बोलतो, मक्याला ते चालतं. तिसऱ्यांदा तोलला तेव्हा वारा सुटला होता आणि तीनशे आले. रकान्यात मी तीनशे लिहिले आहेत.

चाळीस यार्ड धावणे. हे आम्ही कोठारामागच्या रस्त्यावर केलं. अंतर मी पावलांनी मोजलं (माझं पाऊल पूर्वी बरोबर यार्डाचं होतं, गुडघा दुखायला लागल्यापासून भरवसा नाही), आणि वेळ माझ्या मनगटी घड्याळावर. पाच सेकंदांच्या आत आला. पण मधेच एक ट्रॅक्टर आडवा आला आणि कर्बीला त्याला वळसा घालावा लागला, तो वेळ धरायचा की सोडायचा हे कागदावर लिहिलेलं नाही. मी अर्धा धरला.

पण मिलो, धावण्यावरून काही कळत नाही. सरळ रेषेत ससाही धावतो. पायांचा रकाना मी दुसऱ्याच पद्धतीने भरला आहे. ऑक्टोबरमध्ये जुन्या हॉलमध्ये लग्न होतं. तोच हॉल, ज्याच्या लाकडी जमिनीवर मक्याचं पीठ टाकून आपण ती गुळगुळीत करायचो आणि मग शनिवारी रात्री आपणच घसरून पडायचो. अकॉर्डियनवाला आता वेगळा आहे, जुना गेला, पण नाचाच्या पोल्का त्याच आहेत. तिथे मी कर्बीला नाचताना पाहिलं. पोरगा एकेका म्हातारीला हाताला धरून उठवत होता आणि जमिनीवर नेत होता. तुझ्या बहिणीलाही नेलं. इतक्या वजनाचा माणूस, पण बुटांचा आवाज नाही! गर्दीत कुठे फट आहे ते त्याला मागे न बघता कळतं. खांदा वळतो, कंबर मागून येते, पाय कधीच एकमेकांत अडकत नाहीत, आणि थांबायचं म्हटलं की जागच्या जागी थांबतो, एक पाऊल पुढे नाही की मागे नाही. मी खुर्चीवर बसून फक्त त्याचे पाय बघत होतो. चार पोल्कांत त्याने कुणाच्याही पायावर पाय दिला नाही. तू एकाच पोल्कात माझ्या बहिणीच्या दोन्ही पायांवर दिले होतेस आणि तरी तुला व्यावसायिक संघाने घेतलं. तेव्हा ‘पाय’ ह्या रकान्यात मी ‘पोल्का: उत्तम’ असं लिहिलं आहे. तुमच्या वरच्या साहेबांना कळणार नाही, तू समजावून सांग.

त्या हॉलच्या पायऱ्यांवर आपण दोघं घामाघूम होऊन बसायचो आणि लिबी आतून लेमोनेडचे दोन पेले आणायची, ते आठवतं का? मला अजूनही कळलेलं नाही की मला दिलेल्या पेल्यात ती साखर जास्त का घालायची. आता विचारलं तर म्हणते, तुम्हाला काहीतरी आठवतं, साखर दोघांना सारखीच होती.

असो. पुढचा रकाना स्वभावाचा. तुमचा कागद विचारतो, मैदानावर अंगात दुष्टपणा आहे का? हा काय प्रश्न झाला? तरी मी प्रामाणिकपणे तपासलं. गुरुवारी कॅफेत राजमा-मांसाची तिखट चिली असते, आणि चिलीबरोबर दालचिनीचा मोठा रोल. कर्बी समोर बसला होता. बोलता बोलता मी हात लांब करून त्याचा रोल उचलला आणि सरळ खायला लागलो. आपल्या वेळी तू ह्याच कारणावरून माझ्या हातात जेवणाचा काटा खुपसला होतास, खूण अजून आहे. कर्बीने माझ्याकडे पाहिलं, आणि आपली चिलीची वाटीही माझ्याकडे सरकवली. “काका, सकाळपासून काही खाल्लं नाही का? काकू अजून बोलत नाहीत वाटतं!” सगळा कॅफे हसला. मैदानावर तो समोरच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे त्यांच्या चेंडू फेकणाऱ्याला, खाली पाडतो आणि मग हात देऊन उठवतो. एकदा तर त्याच्या बुटाची नाडी सुटली आहे हे सांगितलं. हा रकाना मी कोरा ठेवला आहे.

आता तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. मागे एकदा तू फोन केला होतास तेव्हा म्हणालास, “लुमीर, पोरगा एवढा चांगला, तर अख्ख्या हंगामात क्वार्टरबॅकला पाडलं किती वेळा? अडीच! आपली आजी ह्यापेक्षा जास्त पाडेल.” (तो अर्धा कसा झाला ते मला कुणी समजावलेलं नाही. दोघांनी मिळून पाडलं की अर्धा अर्धा वाटून घेतात म्हणे.) मी तेव्हा विषय बदलला, कारण लिबी शेजारी होती आणि आजी तुमची. पण मी घरच्या मैदानावरचे सगळे सामने पाहिले आहेत, त्याच जागेवरून, आणि काय दिसतं ते लिहितो. कर्बी आपल्या फळीच्या अगदी मध्ये उभा राहतो. चेंडू सुटला रे सुटला की समोरचे दोघे एकाच वेळी त्याच्यावर तुटून पडतात. एक नाही, दोघे, कारण एकट्याला तो आवरतच नाही, हे त्यांच्या कोचांना पहिल्या पाच मिनिटांत कळतं. कर्बी त्या दोघांना छातीवर घेतो आणि तिथेच धरून ठेवतो. ना पुढे जातो, ना मागे हटतो. मग चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाचवायला कोणी उरत नाही, आणि कर्बीच्या मागे उभा असतो रस्टी. रस्टी मोकळा असतो, येतो आणि धाडकन पाडतो. लाउडस्पीकरवरून रस्टीचं नाव. वर्तमानपत्रात रस्टीचा फोटो. यंदा त्याने एकशे चाळीस जणांना पाडलं, कॉलेजच्या इतिहासात कुणी पाडले नसतील इतके. रस्टी चांगला पोरगा आहे, माझं काही म्हणणं नाही. पण ते दोघे मध्ये अडकलेले असतात म्हणून तो मोकळा असतो, हे मैदानावर कुणालाच दिसत नाही. लोक चेंडू बघतात.

हे बघत असताना मला सारखी अठ्ठेचाळीस सालची आठवण येते. व्यावसायिक संघाचा तपकिरी टोपीवाला तो माणूस आला होता, आठवतो ना? आपल्या गावात त्या आधी आणि त्या नंतर आलेला एकुलता एक. थंडी एवढी की चेंडू दगडासारखा झाला होता. तो लाकडी बाकावर बसला होता, आणि मी प्रत्येक डावाआधी हळूच त्याच्याकडे बघत होतो (फळीत खाली वाकलं की पायांमधून बाक दिसायचा). ती टोपी चेंडू जाईल तिकडे वळायची. त्या दिवशी तू अकरा जणांना पाडलंस. सामना संपल्यावर तो उतरून आला, तुझ्याशी हात मिळवला, माझ्याकडे बघून म्हणाला, “जरा बाजूला हो पोरा.” मी बाजूला झालो. तू शहरात गेलास, मी कोरियाला, मग काट्यावर. लिबीने माझ्याशी लग्न केलं, तेव्हा माझी काही तक्रार नाही. मी माझ्या जागी उत्तम होतो असंही मी म्हणत नाही. तू वेगाने यायचास आणि नेमका यायचास, हे खरं आहे, मी कुठेही सांगेन. एवढंच की तू यायचास तेव्हा वाट मोकळी असायची.

असो, असो. गुडघा दुखतो आहे, उठून एक चक्कर मारून आलो. ढीग ठीक आहे.

परवा कोच नॉर्डहूस कॅफेत माझ्या टेबलाशी येऊन बसला. म्हणाला, “लुमीर, मिलो खरंच येणार असेल तर शनिवारी मी कर्बीला मोकळा सोडतो. दोघांना धरायचं नाही, सरळ क्वार्टरबॅकवर जायचं. तीन-चार वेळा तरी पाडेल. मिलोला बघायला काहीतरी हवं ना?” मला ते इतकं पटलं की मी त्याच्या कॉफीचे पैसे दिले. कर्बीला बोलावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग रस्टीचं काय?”

कोच म्हणाला, “रस्टी बघेल त्याचं.”

“तो नाही बघू शकणार, कोच. ते दोघे सुटले तर सरळ त्याच्या छाताडावर. एकशे ऐंशी पौंडांचा आहे तो. मरेल बिचारा.”

“एकच दिवस रे!”

“एकाच दिवसात मरेल ना.”

मग मी तोंड घातलं. म्हणालो, “अरे गाढवा, चार वर्षं तू त्याला फोटोत आणलंस. आता एक शनिवार तुझा. तुला कळतंय का, हा एकच माणूस येणार आहे, एकदाच! जूनमध्ये तू मक्याचे ट्रक मोजत बसशील आणि तेव्हा तुला रस्टी येऊन विचारणार आहे का?” मी खूप बोललो. एवढं मी लिबीशी लग्नाची गोष्ट काढली तेव्हाही बोललो नव्हतो. पोरगा शांतपणे रोलचा शेवटचा तुकडा खात होता (ह्या वेळी मी हात लावला नव्हता). मग म्हणाला, “काका, तुम्ही खेळायचात तेव्हा तुम्ही सोडलं असतंत का?”

मी म्हणालो, पोस्टात काम आहे. आणि बाहेर पडलो. पोस्ट बंद होतं, संध्याकाळ झाली होती.

तर असा हा पोरगा आहे. तुमच्या कागदात ह्याला रकाना नाही. माझं मत विचारशील तर त्याला फळीच्या टोकाला उभा करा, जिथे एकच जण समोर येतो, आणि मग बघा त्याचे पाय. शिकवलं तर तो काहीही शिकेल, आणि न शिकवताही एक गोष्ट त्याला येते. पण मी कोण? मी ट्रक तोलणारा माणूस. तुझं डोळ्यांचं काम आहे आणि हे तुझं शेवटचं वर्ष आहे. तू बघ आणि मग नाही म्हण, मी एक शब्द बोलणार नाही. पण न बघता नाही म्हणू नकोस. सामना एकला. साडेअकरापर्यंत आलास तर जेवूनच मैदानावर जाऊ. रस्त्यात नदीच्या पुलाचं काम चालू आहे, वळसा घालून ये, आणि टायर बघून निघ.

तुझा मेहुणा,
लुमीर हावरानेक

ता.क. आज सुट्टीमुळे पोस्ट पुन्हा बंद आहे (मला कॅलेंडर बघायला हवं होतं), त्यामुळे पत्र उघडंच आहे. दुपारी चैन पडेना म्हणून कर्बीला गुरांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथला काटा वासरांसाठी आहे आणि एकेका पौंडाने बोलतो. दोनशे एकाहत्तर. वर लिहिलेले तीनशे खोड. मी खोडले असते, पण शाई पसरली. दोनशे एकाहत्तरने त्याचं नुकसान होईल हे मला माहीत आहे. डॉक्टर म्हणाला, तीनशेच राहू दे ना, कोण बघतंय? लिहवत नाही, मिलो. वाऱ्याला मी चुकून मका म्हणून तोललं असेल, जाणून कधी नाही.

ता.क. दुसरा. एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मी मुद्दामच राहू दिली होती. तू येतो आहेस असं मी गावात सांगून टाकलं आहे. फक्त डार्लाला सांगितलं होतं, तेही “बहुतेक” म्हणून. पण ती शाळेच्या स्वयंपाकघरात बोलली. आता कॅफेच्या पाटीवर ‘स्वागत, मिलो’ लिहिलं आहे, तुझ्या आडनावातलं एक अक्षर कमी आहे. शाळेचा बँड मध्यंतरात तुझ्या काळातलं कॉलेजचं गाणं वाजवणार आहे, गेले दोन दिवस तालीम ऐकू येते, फार वाईट वाजवतात. फादरनी शनिवारची प्रार्थना तासभर पुढे ढकलली आहे. तू आला नाहीस तर मला हे गाव सोडावं लागेल, आणि ह्या वयात माझा गुडघा कुठे जाणार?

ता.क. तिसरा, लिबीचा. मिलो, हे सगळं तीनदा वाचून दाखवलं मला. साखर खरंच जास्त घालायची मी. ह्यांना सांगू नकोस. आणि पातेलं पंचवीस पौंडांचं होतं. ये.

ता.क. चौथा आणि शेवटचा. (लिबीने वर काय लिहिलं ते मला वाचू दिलेलं नाही, हाताने झाकून ठेवलं.) कर्बी शनिवारी मोकळा सुटणार नाही. कोचनेही नाद सोडला. पोरगा नेहमीसारखा दोघांना धरणार, आणि आकडा एकही येणार नाही. म्हणजे तू येशील, तीन तास गाडी चालवशील, आणि नेहमीसारखा बघितलंस तर तुला रस्टी दिसेल, आणि तू रस्टीचं नाव लिहून घेऊन जाशील. म्हणून खरी विनंती आता करतो, ती येण्याबिण्याची नाही. वही गाडीत ठेव. माझ्या शेजारी बस. पहिले दहा डाव चेंडूकडे बघू नकोस, फक्त कर्बीकडे बघ. अवघड जाईल, माहीत आहे, सवय नाही. चेंडू कुठे गेला ते मी तुला सांगत जाईन.